रिफर्बिश्ड कॅमेरा घ्यावा का? मॉडेलच्या आधी विकणारा बघा

तुमचा प्रश्न असा आहे की बजेट ठरलेलंय, त्यात एकतर नवीन एंट्री लेव्हल मिररलेस (आतला आरसा नसलेला कॅमेरा) बसतो किंवा त्याच पैशात दोन पायऱ्या वरची रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेली आणि तपासून पुन्हा विकायला काढलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मिळते, आणि ओळखीतले सगळे सांगतायत की वापरलेला कॅमेरा घेऊ नकोस, कधी बंद पडेल नेम नाही. मी कामासाठी कॅमेरे वापरतो आणि बऱ्याच वर्षांपासून रिपेअरिंगही करतो, त्यामुळे नवीन, सेकंडहँड, रिफर्बिश्ड असा सगळा माल टेबलावर उघडून बघितलाय. माझं मत स्पष्ट आहे, रिफर्बिश्ड जरूर घ्या, पण मॉडेल ठरवायच्या आधी तो कोणी तपासलाय आणि उद्या काही झालं तर कोण निस्तरणार हे ठरवा. एकाच मॉडेलच्या दोन रिफर्बिश्ड बॉड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि तो जाहिरातीतल्या फोटोत अजिबात दिसत नाही.

आधी हा माल येतो कुठून ते बघू. कोणीतरी नवीन कॅमेरा घेतला, आवडला नाही, चार दिवसांत परत केला. किंवा खोका वाटेत चेपला म्हणून दुकानाने परत पाठवला. किंवा शोरूममध्ये डेमोला ठेवलेला पीस होता. किंवा वॉरंटीत खराब निघाला, ग्राहकाला बदलून दुसरा दिला आणि हा दुरुस्त करून विकायला काढला. हे सगळं कॅमेरा कंपनीकडे परत गेलं की तिथे तपासलं जातं, लागेल तो पार्ट बदलला जातो, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट होतं, सेटिंग फॅक्टरीवर जातात आणि मग कंपनी स्वतःच्या वॉरंटीवर तो विकते. हा पहिला प्रकार, आणि बिनघोर घ्यावा तर हाच. दुसरा प्रकार म्हणजे मोठे कॅमेरा डीलर, जे जुने कॅमेरे एक्सचेंजमध्ये घेतात, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तपासतात आणि स्वतःची वॉरंटी देतात, यातले काही फार प्रामाणिकपणे काम करतात. तिसरा प्रकार ऑनलाइन सेलरचा, ज्यात रिफर्बिश्ड हे लेबल लावायला कोणी कोणाला विचारत नाही, बाहेरून पुसलं, सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ब्लोअर मारला, खोक्यात घातला की झाला रिफर्बिश्ड.

हा फरक इतका महत्त्वाचा का, तर कॅमेरा उघडणं एक आणि परत बरोबर जोडणं दुसरं. सेन्सर बसवताना तो माउंटला (लेन्स अडकवायच्या कड्याला) अगदी समांतर लागतो, त्यासाठी काही बॉड्यांमध्ये सेन्सरखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, त्यातली एक जरी इकडची तिकडे झाली तर फोटोची एक बाजू कायम मऊ येते आणि माणूस महिनोन्महिने लेन्सला दोष देत बसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे मोजायची साधनं असतात, अॅडजस्टमेंटचं सॉफ्टवेअर असतं, ओरिजिनल पार्ट असतात. बाहेर प्रत्येकाकडे ते असेलच असं नाही.

माझ्याकडे एकदा एक बॉडी आली होती, एका ऑनलाइन सेलरकडून रिफर्बिश्ड म्हणून घेतलेली, तक्रार एवढीच की ऑटोफोकस कधीकधी अडकतो. मेनूत कॉपीराइट माहितीच्या पानावर गेलो तर आधीच्या मालकाचं नाव तसंच, आणि त्याने सेव्ह केलेली वायफाय नेटवर्कंसुद्धा तशीच. म्हणजे फॅक्टरी रीसेट हे जे कोणीही दहा सेकंदांत करेल तेही केलेलं नव्हतं, मग आतलं काय तपासलं असेल याचा अंदाज करा. तळाच्या प्लेटचे दोन स्क्रू बघितले तर खाचेभोवतीचा काळा रंग खरवडून आतला धातू चमकत होता, म्हणजे भलत्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून कोणीतरी उघडलेला. लेन्स माउंटच्या सोनेरी टोकांवर बोटांचे डाग, ते पुसल्यावर फोकसची तक्रार बरीचशी गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की कॅमेरा हातात आला की आधी कॉपीराइटचं पान आणि स्क्रू बघा, एका मिनिटात विकणाऱ्याची लायकी कळते.

आता फायदे. पैसे वाचतात हे उघड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या वर्गाची बॉडी हातात येते. दोन डायल, चांगला व्ह्यूफाइंडर, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय), दोन कार्ड स्लॉट, मोठी बॅटरी, या गोष्टी एंट्री लेव्हलला सहसा नसतात आणि त्या जुन्याही होत नाहीत. गेल्या काही वर्षांत सेन्सरच्या क्वालिटीत उड्या पडल्यात त्या मुख्यतः व्हिडिओ आणि ऑटोफोकसच्या बाजूला, साध्या फोटोचं बघाल तर पाच-सहा वर्षांपूर्वीची चांगली फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आजही कमी उजेडात नवीन एंट्री लेव्हलला भारी पडते. दुसरं म्हणजे सुरुवातीची किंमत जी धाडकन पडते ती आधीच्या मालकाच्या खात्यात गेलेली असते, तुम्ही वर्ष-दोन वर्षांनी विकलात तर तुमचं नुकसान कमी. आणि अनोळखी माणसाकडून सेकंडहँड घेण्याच्या तुलनेत इथे बिल असतं, वॉरंटी असते, परत करायची मुदत असते. माझ्या हिशेबात ही परत करायची मुदत वॉरंटीपेक्षाही मोलाची आहे.

तोटेही आहेत आणि ते नीट समजून घ्या. वॉरंटी बऱ्याचदा नव्यापेक्षा कमी असते, काही ठिकाणी मोजून थोडे महिने. शिवाय ती कंपनीची आहे की विकणाऱ्याची हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या देशातून आलेला माल असेल तर तुमच्या देशातलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावेलच असं नाही, तेव्हा सिरियल नंबर आधी मागून सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. ओरिजिनल बॅटरीच्या जागी कुठलीतरी स्वस्त कॉपी येऊ शकते, चार्जर वेगळा, पट्टा नाही, आयकप नाही, हे सगळं वेगळं घ्यायला गेलं की वाचलेले पैसे तिथेच जातात. आणि कधीकधी सूट इतकी कमी असते की घेण्यात अर्थच नसतो, माझा साधा नियम असा की नव्याच्या सेल किमतीपेक्षा निदान वीस टक्के तरी स्वस्त पडत नसेल तर नवीनच घ्या. सेल किंमत म्हणतोय बघा, खोक्यावरच्या छापील किमतीशी तुलना करून सूट दाखवणारे खूप आहेत.

शटर काउंट, म्हणजे शटर आतापर्यंत किती वेळा चाललंय तो आकडा, त्याबद्दल सगळे विचारतात म्हणून जरा सविस्तर. मेकॅनिकल शटरचा पडदा दर फोटोला हलतो आणि झिजतो, म्हणून कंपन्या काही मॉडेलचं शटर किती फोटोंपर्यंत टेस्ट केलंय ते सांगतात. निकॉन डी३५०० साठी १ लाख, कॅनन ५डी मार्क ४ साठी दीड लाख, निकॉन डी८५० साठी २ लाख, कॅनन १डी एक्स मार्क २ साठी ४ लाख. हा आकडा आला की शटर मेलं असं काही नसतं, कित्येक शटरं दुप्पट चालतात आणि काही निम्म्यातच जातात, तो टेस्टचा आकडा आहे. शिवाय शटर बदलता येतं. निकॉनच्या बहुतेक बॉड्यांमध्ये हा शटर काउंट फोटोच्या एक्झिफमध्येच (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेल्या माहितीत) लिहिलेला असतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, यूएसबीने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. विकणाऱ्याकडे आजच्या तारखेचा, कॅमेऱ्यातून थेट निघालेला ओरिजिनल फोटो मागा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, त्यामुळे ईमेलने किंवा ड्राइव्हवर.

पण मिररलेस घेताना या आकड्यावर फार विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोत पडदा हलतच नाही, आणि व्हिडिओत तर आकडा वाढतच नाही. मी अशा बॉड्या बघितल्यात की काउंट पाच हजारसुद्धा नाही आणि कॅमेरा दिवसरात्र व्हिडिओला जुंपलेला. हे ओळखायचं कसं, तर एचडीएमआय आणि माइकच्या पोर्टची झाकणं सैल झालेली असतात, पोर्टच्या कडा घासलेल्या असतात, केबल घातली की हलते, आणि तळाला ट्रायपॉड स्क्रूभोवती गोल ओरखडे. निकॉन झेड९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाहीये, तिथे शटरची झीज हा विषयच येत नाही, पोर्ट, बटणं आणि डायलच बघायचे. तसंच हॉट शूचा (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेचा) रंग पूर्ण उडालेला असेल तर त्यावर फ्लॅश सतत चढत-उतरत होता, म्हणजे इव्हेंटवाल्याचा कॅमेरा. त्यात वाईट काही नाही, किंमत त्या हिशेबाने असावी एवढंच.

मॉडेलचा इतिहासही वाचा, कारण काही दोष त्या मॉडेलच्या जन्मापासूनचे असतात. निकॉन डी६०० हा २०१२ चा कॅमेरा, त्याच्या सेन्सरवर तेल आणि धुळीचे डाग पडायची इतकी तक्रार झाली की पुढच्याच वर्षी डी६१० आला आणि २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. म्हणजे शटर बदललेला डी६०० आज चांगला सौदा आहे आणि न बदललेला डोकेदुखी. निकॉनच्याच डी७५० च्या सुरुवातीच्या काही पीसमध्ये फ्लेअरचा (समोरून उजेड आला की फोटोत विचित्र चमक येण्याचा) दोष होता, तो दुरुस्त केलेल्या पीसला ट्रायपॉडच्या भोकात आतल्या बाजूला काळा ठिपका असतो, नंतर त्याच मॉडेलच्या काही सिरियल नंबरांचं शटरही परत बोलावलं होतं. कॅननच्या पहिल्या ५डी चा आरसा निसटून पडायचा, त्यावरही कंपनीने मोफत दुरुस्ती दिली होती. असं काही असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा, दुरुस्ती झालीये का, कागद आहे का.

सध्या जुन्या सीसीडी सेन्सरवाल्या (सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार) छोट्या डिजिकॅमची क्रेझ आहे आणि तेही रिफर्बिश्ड म्हणून विकले जातायत, तर त्याबद्दल एक गोष्ट. २००५ च्या सुमाराला सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष निघाला होता, उष्णता आणि दमटपणात ते खराब होऊन चित्र जांभळं, वेडंवाकडं किंवा पूर्ण काळं यायचं, आणि हे सेन्सर सोनीच्याच नव्हे तर कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत होते. त्या वर्षांच्या आसपासचं मॉडेल असेल तर आधी या दोषाच्या यादीत आहे का ते बघा. एकूणच आत-बाहेर होणाऱ्या झूम लेन्सचे कॉम्पॅक्ट कॅमेरे रिफर्बिश्ड घेताना मी फार सांभाळून घ्यायला सांगतो, त्या नळकांड्यातून धूळ आत ओढली जाते, सेन्सर साफ करायचा तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि झूमची मोटर किंवा गिअर गेला तर दुरुस्ती परवडत नाही. आणि पाण्याखाली वापरायचे टफ कॅमेरे रिफर्बिश्ड अजिबात घेऊ नका, सीलचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. वेदर सीलिंगवाल्या मोठ्या बॉडीचंही तेच, एकदा उघडली असेल तर पावसात नेताना ती सील नाही असं धरूनच चाला.

आता कॅमेरा हातात आल्यावर काय करायचं. खोका फाडू नका, सगळं जपून ठेवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत कसून तपासा, पहिल्या दोन दिवसांतच केलंत तर उत्तम. आधी खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि फोटोच्या माहितीतला सिरियल नंबर जुळतो का बघा. मग सेन्सर. लेन्स मॅन्युअल फोकसवर, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ १६ किंवा एफ २२ म्हणजे अगदी लहान, आयएसओ १००, पांढऱ्या भिंतीकडे किंवा कोऱ्या आकाशाकडे मुद्दाम आउट ऑफ फोकस करून एक फोटो, कॅमेरा थोडा हलवत काढलात तरी चालेल, भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे जागेवर राहतात. तो फोटो कॉम्प्युटरवर घ्या, कॉन्ट्रास्ट वाढवा. मऊ कडांचे राखाडी ठिपके म्हणजे धूळ, ब्लोअरने जाते, त्याची काळजी नको. गोल, थेंबासारखे डाग म्हणजे बहुतेक तेल, ते ओल्या सफाईने निघतं पण पुन्हा पुन्हा येतंय का बघायला लागतं. रेघ किंवा ओरखडा दिसला तर सफाईने जाणार नाही, कॅमेरा परत.

यानंतर लेन्सला टोपी लावा, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद करा आणि एक सेकंदाचा, मग दहा सेकंदांचा फोटो घ्या. दोन-चार लाल-निळे ठिपके सगळ्याच कॅमेऱ्यात असतात, पिक्सेल मॅपिंगची (खराब ठिपके झाकायची) सोय असेल तर ती चालवली की जातात. पण सरळ उभी-आडवी रेघ असेल, किंवा एखाद्या बिंदूपासून फुटलेल्या रेघा असतील तर तो लेझर शोमध्ये भाजलेला सेन्सर असू शकतो, असे कॅमेरे मी बघितलेत आणि त्यावर सेन्सर बदलण्याशिवाय उपाय नाही. तसंच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये पांढरी भिंत बघा, आयपीसमधून ऊन आत गेलं की आतला स्क्रीन भाजतो आणि एक पिवळट-तपकिरी डाग कायमचा राहतो, विकणाऱ्याने तो पाहिलेलाही नसतो कारण गडद दृश्यात तो दिसत नाही.

शटर थकलंय का याची एक सोपी टेस्ट आहे जी फार कमी लोक करतात. मेकॅनिकल शटरवर, सर्वात वेगवान स्पीड, १/४००० किंवा १/८०००, अॅपर्चर बऱ्यापैकी उघडं आणि उजेडातली एकरंगी भिंत, दहा-पंधरा फोटो सलग. फ्रेमचा एक भाग दुसऱ्यापेक्षा सतत गडद येत असेल किंवा फोटोगणिक उजेड बदलत असेल तर पडद्यांचा वेग बिघडलाय. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली ही टेस्ट करू नका, त्या दिव्यांच्या लुकलुकण्यानेच पट्टे येतात आणि चांगला कॅमेरा परत कराल, सूर्यप्रकाशातच करा.

चारही कोपरे बघायला छापील मजकुराचं मोठं पान भिंतीवर सपाट लावा, कॅमेरा समोर सरळ ठेवून फोटो घ्या, डावी-उजवी बाजू सारखी स्पष्ट आहे का बघा. एक बाजू मऊ आली तर दुसरी लेन्स लावून परत बघा, तरीही तीच बाजू मऊ तर बॉडीचा दोष. स्टॅबिलायझेशन असेल तर हातात धरून १/१० वर काही फोटो चालू-बंद करून घ्या, फरक दिसायला पाहिजे. बंद असताना आत खुळखुळ आवाज आला म्हणून घाबरू नका, काही मॉडेलमध्ये सेन्सर तेव्हा मोकळा असतो. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बर्स्ट (धडाधड सलग फोटो) मारा, जुन्या सीएफ कार्डवाल्या बॉडीत टॉर्चने आतल्या पिना सरळ आहेत का बघा. प्रत्येक बटण, प्रत्येक डायल दोन्हीकडे फिरवून, वायफाय, फ्लॅश, चार्जिंग. बॅटरी कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी पूड असेल तर पाणी गेलेलं आहे, पुढे तपासायचं कारणच नाही. बॅटरीचं वय निकॉनच्या बऱ्याच बॉड्यांत मेनूतच ० ते ४ असं दिसतं, कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन चौकोन दिसतात. बॅटरी थकलेली असेल तर ती बदलून मागा, कॅमेरा नाकारू नका.

सिस्टिमचा विचार राहिला. ज्या माउंटच्या लेन्स येणं बंद झालंय, उदाहरणार्थ निकॉन १, सॅमसंग एनएक्स, कॅननचं ईओएस एम, त्या बॉड्या रिफर्बिश्ड फार स्वस्त दिसतात, पण त्यात पुढे वाढता येत नाही. डीएसएलआरचं (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं) वेगळं आहे, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा, लेन्स भरपूर आणि स्वस्त, शिवाय अॅडॅप्टर लावून त्या कंपन्यांच्या मिररलेसवरही चालतात. फक्त निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सचा फोकस बॉडीतल्या मोटरवर चालतो त्यांचा ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तर तुमच्या बाबतीत. तुम्हाला घरातले कार्यक्रम, प्रवास आणि पुढेमागे छोटी कामं करायचीत, म्हणजे कमी उजेड आणि लोक हेच जास्त. अशा वेळी कंपनीची रिफर्बिश्ड बॉडी मिळत असेल तर मी नव्या एंट्री लेव्हलकडे बघणारही नाही. ती मिळत नसेल तर वर्कशॉप असलेल्या डीलरकडची, आणि तिसऱ्या प्रकारच्या सेलरकडूनच मिळणार असेल तर परत करायची मुदत किमान दहा-पंधरा दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च त्याचा, असं लेखी असेल तरच. अपवाद दोन. व्हिडिओ आणि धावणारी मुलं-प्राणी हे मुख्य काम असेल तर नव्या पिढीचा ऑटोफोकस खरंच खूप पुढे गेलाय, तिथे नवीन एंट्री लेव्हलचा विचार करा. आणि पैसे घेऊन काम सुरू केलं, एकच बॉडी असली, तर तिला पूर्ण वॉरंटी असू द्या, काम चालू असताना बंद पडली तर ग्राहकाला कारण सांगून भागत नाही.

वाचलेल्या पैशांतून एक उजेडाची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या, ५० एमएम एफ १.८ किंवा ३५ एमएम, तीही रिफर्बिश्ड चालेल. लेन्सची तपासणी सोपी आहे, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर फोटोत काही दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि आतल्या काचेवर एकसारखं धुकं असेल तर तेही नको, दोन्हीत कॉन्ट्रास्ट जातो. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नसावी आणि पाती झटकन मिटायला हवीत. बुरशीवाली लेन्स कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका आणि आलीच तर बाकीच्या लेन्सच्या बॅगेत न ठेवता लगेच परत पाठवा.